सीमेवरचा कायदा, उंबरठ्यावरची चौकशी

१ जानेवारी १९७३ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी अमलात आल्या. पहिली म्हणजे युरोपीय सामायिक बाजारपेठेतील ब्रिटनचा प्रवेश. त्या दिवसापासून फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आदी देशांतील कामगारांना ब्रिटनमध्ये येऊन नोकरी धरण्याचा हक्क मिळाला. दुसरी म्हणजे १९७१ चा आप्रवासन कायदा. ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक होण्याचा भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज व आफ्रिका येथील राष्ट्रकुलीय नागरिकांचा जो काही उरलासुरला हक्क होता, तो या कायद्याने जवळजवळ संपुष्टात आणला. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या मराठा पलटणीतील दोघा जवानांना १९४४ व १९४५ साली इटलीच्या रणभूमीवर ब्रिटनच्या बाजूने केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १९७३ नंतर त्यांच्या गावच्या माणसाला लंडनमध्ये नोकरी करण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. ज्या जर्मनांशी ते लढले, त्यांना मात्र तो लागेनासा झाला.

इतिहासाची ही विसंगती केवळ भावनेचा विषय म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही. परकीयांच्या आगमनावर कडक निर्बंध घालणारे कायदे आज जगातील बहुतेक संपन्न देशांत होत आहेत, आणि त्यांची चर्चा नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरते : किती माणसे आत येणार आणि किती बाहेर राहणार? परंतु अशा कायद्यांचा खरा परिणाम आकड्यांत दिसत नाही. तो दिसतो आधीच आत असलेल्या माणसांच्या आयुष्यात. सीमेवर उभा केलेला पहारा सीमेवर थांबत नाही. तो हळूहळू कारखान्यात, भाड्याच्या घरात, बँकेत, इस्पितळात शिरतो, आणि शेवटी ज्यांच्या रक्षणासाठी तो बसवला असे सांगितले जाते, त्या नागरिकांनाच त्याच्यापुढे आपले कागद घेऊन उभे राहावे लागते. ब्रिटनचा गेल्या साठ वर्षांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या देशात कोणी यावे, किती काळ राहावे आणि कोणते काम करावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. स्थलांतरितांची संख्या एखाद्या औद्योगिक गावात अल्पावधीत वाढली की घरांची टंचाई भासते, शाळांच्या वर्गांत दाटी होते, आणि याची झळ श्रीमंतांच्या वस्तीला न लागता कष्टकऱ्यांच्या वस्तीला लागते. या तक्रारीला वंशद्वेष म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. म्हणून राज्याला हा अधिकार आहे की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. त्या अधिकाराच्या वापराची किंमत कोण मोजतो आणि ती मोजण्याची तयारी कायदा करणाऱ्यांनी आधी केली होती काय, हा मुद्दा आहे.

पहिला निर्बंध आणि त्याचे उलटे फळ

१९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने ब्रिटन आणि त्याच्या वसाहती यांचे एकच नागरिकत्व मानले होते. त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ नावाचे जहाज वेस्ट इंडीजमधील शेकडो प्रवासी घेऊन टिलबरी बंदरात आले. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला माणसांची गरज होती. बसगाड्या, रेल्वे, इस्पितळे, लोखंडाच्या भट्ट्या, कापडगिरण्या अशा ठिकाणी ही माणसे कामाला लागली. पंजाबातील जालंधर, पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूर आणि पूर्व बंगालमधील सिल्हेट येथूनही पुरुषमंडळी येऊ लागली. त्यांच्यापैकी बहुतेकांचा बेत कायम राहण्याचा नव्हता. चार-सहा वर्षे राबावे, घरी पैसे पाठवावे, जमिनीचा तुकडा सोडवावा आणि आपल्या जागी धाकट्या भावाला किंवा पुतण्याला पाठवून परत जावे, असा त्यांचा शिरस्ता होता.

१९६२ च्या राष्ट्रकुलीय आप्रवासन कायद्याने हा शिरस्ता मोडला. नोकरीचा परवाना असल्याशिवाय राष्ट्रकुलातील नागरिकाला प्रवेश नाही, असे या कायद्याने ठरवले. पण कायदा येणार ही वार्ता आधीच पसरली आणि दार बंद होण्यापूर्वी आत शिरण्याची धावपळ उडाली. १९६० साली भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज आदी भागांतून येऊन राहिलेल्यांची संख्या सुमारे ५८ हजार होती. १९६१ साली ती १ लाख ३६ हजारांवर गेली. जे आत होते त्यांनाही प्रश्न पडला : एकदा गावी गेलो तर परत येऊ देतील काय? तेव्हा ते गेलेच नाहीत. बायकामुलांना आणण्याची मुभा कायद्याने ठेवली होती, ती त्यांनी वापरली. अशा रीतीने येऊन-जाऊन राहणारे कामगार कायमचे रहिवासी झाले. ज्या वस्त्या वाढू नयेत म्हणून कायदा केला, त्या वस्त्या त्या कायद्यानेच पक्क्या केल्या. पश्चिम जर्मनीने नोव्हेंबर १९७३ मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली तेव्हा तेथील तुर्की कामगारांच्या बाबतीतही हेच घडले. दार किलकिले असते तेव्हा माणूस बाहेर जाण्यास भीत नाही. ते बंद होणार असे दिसले की आत असलेला आतच राहतो.

राजकारणाचा भागही बोधप्रद आहे. मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्स्केल यांनी संसदेत या विधेयकाला कडाडून विरोध केला होता. १९६४ साली तोच पक्ष सत्तेवर आला, पण त्या निवडणुकीत स्मेथविक या मतदारसंघात वर्णद्वेषी प्रचाराच्या जोरावर हुजूर पक्षाचा उमेदवार निवडून आल्याचे त्याने पाहिले होते. कायदा रद्द होण्याऐवजी १९६५ साली परवान्यांची संख्या वर्षाला ८,५०० वर आणण्यात आली. एकदा उभी केलेली भिंत पाडण्याचे धैर्य कोणत्याच पक्षाला होत नाही; प्रत्येक जण तिच्यावर एकेक थर चढवतो, हे तेव्हापासून सतत दिसत आले आहे.

पासपोर्ट आहे, पण देश नाही

१९६८ साली तर याहून गंभीर गोष्ट घडली. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिशांनी रेल्वे बांधली ती हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या बळावर. त्यांच्यामागून गुजराती दुकानदार गेले, पंजाबी कारागीर गेले आणि गोव्याचे कारकूनही गेले. केनिया, युगांडा, टांगानिका येथील सरकारी कचेऱ्यांतून हिशेब आणि टपाल सांभाळणाऱ्यांत गोमंतकीयांची संख्या मोठी होती. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला तेव्हा या लोकांना दोन वर्षांत केनियाचे नागरिकत्व घेण्याची संधी होती. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवणे पसंत केले. त्यात गैर काही नव्हते. ज्या सरकारची त्यांनी चाकरी केली, त्याच सरकारने त्यांना तो दिला होता.

१९६७ साली केनियाने नागरिक नसलेल्यांना नोकरीधंद्याचे परवाने आवश्यक केले आणि हे लोक ब्रिटनकडे निघाले. त्यावर ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत नवा कायदा संमत केला. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी ज्याचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी कोणाचा अथवा आजी-आजोबांपैकी कोणाचा ब्रिटनशी जन्माने किंवा तत्सम नात्याने संबंध नाही, त्याला मुक्त प्रवेश नाही, असे या कायद्याने ठरवले. कायद्यात वर्णाचा उल्लेख एकदाही नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. नैरोबीतील गोऱ्या मळेवाल्याचा आजा इंग्लंडात जन्मला होता. नैरोबीतील गोमंतकीय कारकुनाचा आजा बार्देश किंवा साष्टीत जन्मला होता. निकष एकच, परंतु त्याने माणसे बरोबर रंगानुसार वेगळी केली.

भारत सरकारनेही अशा ब्रिटिश पासपोर्टधारकांवर त्या वेळी व्हिसाची अट घातली. आमचे नागरिक नव्हेत, असे केनिया म्हणे. नागरिक आहेत पण आत येऊ नयेत, असे ब्रिटन म्हणे. ते ब्रिटनचे आहेत, असे भारत म्हणे. विमानतळावरून विमानतळावर टोलवल्या जाणाऱ्या या लोकांना इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘शटलकॉक’ असे नाव दिले. १९७३ साली युरोपीय मानवी हक्क आयोगाने या प्रकरणी असे मत नोंदवले की, वंशाच्या आधारे एखाद्या समूहाला अशी वागणूक देणे म्हणजे मानवी प्रतिष्ठेची अवहेलना होय. दरम्यान १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितले, तेव्हा ब्रिटनने सुमारे २८ हजार जणांना आश्रय दिला, हेही नमूद केले पाहिजे. चार वर्षांपूर्वी पेलवणार नाहीत म्हणून ज्यांना अडवले, तशाच लोकांना ब्रिटनने सामावून घेतले आणि देश बुडाला नाही.

संशयाची मजल

कायदा कडक झाला की अधिकाऱ्याचा पहिला ग्रह संशयाचा होतो. समोरचा माणूस खोटे बोलतो आहे असे गृहीत धरून काम सुरू होते. कामगारांचे परवाने जवळजवळ बंद झाल्यावर कुटुंबीयांचाच मार्ग उरला. तेव्हा ही पत्नी खरी आहे काय, हे मूल खरोखर यांचे आहे काय, अशी चौकशी सुरू झाली. ढाका आणि दिल्लीतील ब्रिटिश कचेऱ्यांत पती-पत्नींना वेगवेगळे बसवून घराला दारे किती, लग्नाला कोण आले होते, असे प्रश्न विचारले जात. उत्तरांत फरक पडला की अर्ज नामंजूर. मुलांचे वय ठरवण्यासाठी त्यांच्या हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढली जात. १ फेब्रुवारी १९७९ रोजी लंडनच्या एका दैनिकाने जी बातमी दिली, तिने तर भारतात संतापाची लाट उसळली. विवाहासाठी लंडनला गेलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय स्त्रीची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी घेण्यात आली होती. ती प्रथा तातडीने बंद करण्यात आली. परंतु हा एकच अपवादात्मक प्रकार नव्हता, हे पुढे संशोधकांनी ब्रिटिश गृहखात्याच्याच कागदपत्रांवरून दाखवून दिले. भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांतही अनेक स्त्रियांना या अपमानातून जावे लागले होते.

सहा वर्षांनी विज्ञानाने या संशयाचा निकाल लावला. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधलेल्या डीएनए चाचणीचा पहिला प्रत्यक्ष उपयोग १९८५ साली झाला तो खुनाच्या तपासात नव्हे, तर घानातून परत आलेल्या एका मुलाच्या प्रवेशाच्या वादात. हा मुलगा त्या आईचा नव्हे, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. चाचणीने तो तिचाच असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर उपखंडातील ज्या कुटुंबांना वर्षानुवर्षे खोटे ठरवले गेले होते, त्यांच्यापैकी अनेक खरी निघाली. पण तोवर मुले मोठी झाली होती. मुलाला सातव्या वर्षी मिळायचा तो बाप सतराव्या वर्षी मिळाला, तर त्याला न्याय म्हणता येईल काय?

घरमालकाच्या हाती शिक्का

यानंतरचा टप्पा अधिक सूक्ष्म आहे. १९८७ साली एक कायदा होऊन योग्य कागद नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीला प्रत्येक प्रवाशामागे एक हजार पौंड दंड ठरला. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर सामानाचे वजन करणारा कंपनीचा नोकर ब्रिटनच्या सीमेवरील अधिकारी झाला. १९९६ च्या कायद्याने कारखानदाराला ती जबाबदारी दिली. २०१२ साली तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी बेकायदा राहणाऱ्यांसाठी देशात ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचे धोरण उघडपणे जाहीर केले, आणि २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी ते अमलात आणले. घर भाड्याने देण्यापूर्वी भाडेकरूचे कागद तपासणे घरमालकाला भाग पडले. बँकेने खाते उघडण्यापूर्वी, वाहन परवाना देणाऱ्या कचेरीने परवाना देण्यापूर्वी आणि इस्पितळाने उपचारापूर्वी चौकशी करावी, अशी योजना झाली. चूक झाल्यास दंडाची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती वाढवून घरमालकाला प्रत्येक भाडेकरूमागे वीस हजार आणि मालकाला प्रत्येक कामगारामागे साठ हजार पौंडांपर्यंत नेण्यात आली.

आता एका सामान्य घरमालकाच्या जागी उभे राहून पाहावे. त्याला आप्रवासनाचा कायदा ठाऊक नाही. दारात दोघे आले आहेत. एकाचे नाव इंग्रजी वळणाचे आणि हातात ब्रिटिश पासपोर्ट; दुसऱ्याचे नाव परके, कागद अपरिचित. दुसरा पूर्णपणे कायदेशीर असेलही, पण चूक झाली तर दंड घरमालकाला. तो पहिल्याला खोली देणार हे उघड आहे. त्याच्या मनात द्वेष असण्याची आवश्यकता नाही. द्वेषाचे काम कायद्याने भीतीकडून करून घेतले. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने नेमके हेच म्हटले : या योजनेमुळे घरमालक, एरवी केला नसता असा, वंश व राष्ट्रीयत्वाचा भेदभाव करतात. २०२० साली अपील न्यायालयाने योजना वैध ठरवली खरी, परंतु तिच्यामुळे असा भेदभाव होतो, हे त्या न्यायालयालाही नाकारता आले नाही. तो भेदभाव धोरणाच्या उद्दिष्टासाठी समर्थनीय आहे, एवढेच ते म्हणाले.

समाजजीवनावर याचा परिणाम काय होतो, हे सांगण्यास मोठे पांडित्य नको. शिक्षक, परिचारिका, बँकेचा कारकून, घरमालक ही माणसे समाजाला जोडून ठेवणारे धागे असतात. त्यांच्यावर पहाऱ्याचे काम सोपवले की इस्पितळात जाणारी गरोदर स्त्री आपले नाव पुढे कोठे कळवले जाईल या भीतीने उपचार टाळू लागते, आणि शिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोळ्यांत आदराऐवजी धास्ती दिसू लागते.

न दिलेल्या कागदाची मागणी

या धोरणाचा घाव बेकायदा आलेल्यांवर पडेल, अशी अपेक्षा होती. तो पडला कायदेशीर नागरिकांवर. १९७१ च्या कायद्यातच त्याचे बीज होते. १ जानेवारी १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलीय नागरिकांना या कायद्याने कायम राहण्याचा हक्क दिला, मात्र त्या हक्काचा कोणताही दाखला दिला नाही. त्याच कायद्याने आपला हक्क सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला. चाळीस वर्षे कोणी पुरावा मागितला नाही, म्हणून काही बिघडले नाही. वेस्ट इंडीजमधून लहानपणी आई-वडिलांच्या पासपोर्टावर आलेली मुले शाळेत गेली, नोकरीला लागली, कर भरत राहिली, आजी-आजोबा झाली. आपण परके आहोत अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही.

२०१४ नंतर प्रत्येक दारावर कागद मागितला जाऊ लागला, तेव्हा हे लोक एकाएकी बेकायदा ठरले. गृहखाते त्यांच्याकडे राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे पुरावे मागू लागले, तेही एका वर्षासाठी चार-चार. त्यांच्या आगमनाची तारीख सिद्ध करू शकणाऱ्या उतरण्याच्या नोंदी गृहखात्याकडेच होत्या; त्या २०१० साली नष्ट करण्यात आल्या होत्या. स्वतःच्या दप्तरातील पुरावा जाळायचा आणि मग नागरिकाला म्हणायचे, आण पुरावा! कोणाची नोकरी गेली, कोणाचे घर गेले, कोणाला कर्करोगावरील उपचार नाकारले गेले, काहींना कोठडीत डांबले गेले आणि किमान ८३ जणांना देशाबाहेर घालवण्यात आल्याचे पुढे खुद्द सरकारला मान्य करावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान मे यांना क्षमा मागावी लागली आणि गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. मार्च २०२० मध्ये वेंडी विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाने, हे सारे आधी दिसण्यासारखे आणि टाळता येण्यासारखे होते, असा निष्कर्ष काढला. २०१९ मध्ये भरपाईची योजना आली, पण तिचे काम इतके संथ चालले की कित्येक अर्जदार रक्कम हाती पडण्यापूर्वीच मरण पावले. अहवालातील तीस शिफारशींपैकी तीन २०२३ साली सरकारने गुंडाळून ठेवल्या.

हे घडू शकले याचे कारण कायद्याच्या दुसऱ्या अंगात आहे. निर्बंध कडक करताना दाद मागण्याचे मार्गही अरुंद करण्यात आले होते. एप्रिल २०१३ पासून आप्रवासनाच्या बहुतेक प्रकरणांतील सरकारी कायदेसाहाय्य बंद झाले. २०१४ च्या कायद्याने अपिलाचे अधिकार मोजक्या बाबींपुरते उरले आणि काही प्रकरणांत ‘आधी देश सोडा, मग अपील करा’ असा न्याय लागू झाला. हजारो मैलांवरून, वकिलाशिवाय आणि पैशाशिवाय केलेले अपील परिणामकारक असू शकत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. म्हणजे ज्या काळात अधिकाऱ्याच्या हाती अधिकात अधिक सत्ता आली, त्याच काळात त्याची चूक दाखवून देण्याची साधने काढून घेतली गेली. चुका उघडकीस आल्या त्या न्यायालयातून नव्हे, तर प्रामुख्याने वृत्तपत्रांतून.

उत्पन्नाची पट्टी आणि मालकाची दोरी

निर्बंधांचे नवे रूप पैशाचे आहे. जुलै २०१२ मध्ये परदेशी पती वा पत्नीला ब्रिटनमध्ये आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९ हजार पौंड झाली. किमान वेतनावर आठवड्याला चाळीस तास राबणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न त्या वेळी चोवीस हजार पौंडांच्याही आत होते. म्हणजे श्रीमंताने परदेशी स्त्रीशी लग्न केले तर संसार लंडनमध्ये. गरिबाने केले तर मुलांनी बाप दूरध्वनीच्या पडद्यावर पाहायचा. वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी भारत, नायजेरिया आदी देशांतून ज्यांना बोलावले, त्यांना मार्च २०२४ पासून कुटुंब आणण्याची बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबवण्यात आली. अशा कामगाराचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की दुसरा मालक शोधण्यास सर्वसाधारणपणे साठ दिवस. पगार बुडवणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य अशा स्थितीत कोण करील? मुदतीच्या कराराने बांधून मळ्यावर पाठवलेल्या गिरमिटियांची आठवण व्हावी, अशी ही स्थिती आहे.

गोव्याचा प्रश्नही याच सूत्रात गुंफलेला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्यान्वये पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मिळू शकते. त्या पासपोर्टावर, १९७३ साली उघडलेल्या युरोपीय दारातून, हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन हे तर त्यांचे दुसरे गाव झाले. त्यासाठी त्यांना भारतीय नागरिकत्व सोडावे लागले. २०१६ च्या सार्वमताने ते दारही बंद होणार असे ठरले. तेथे आधीपासून राहणाऱ्यांनी ३० जून २०२१ पर्यंत नोंदणी करावी, असे सांगण्यात आले. नोंदणी झालेल्यांना कागद मिळाला नाही. त्यांचा हक्क केवळ संगणकावर नोंदलेला आहे. ज्यांना पाच वर्षांच्या वास्तव्याअभावी तात्पुरता दर्जा मिळाला, त्यांनी पुन्हा अर्ज न केल्यास त्यांचा हक्क आपोआप संपेल असा नियम होता. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. कागद न दिल्याने एका पिढीचे काय झाले, हे ताजे असतानाही हा नियम करण्यात आला होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

धडा आपल्यासाठीही

भारतीय वाचकाने हे वाचून ब्रिटनला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकणारे कलम हिंदुस्थानात ब्रिटिश राजवटीने १९४६ च्या कायद्यात घातले होते, आणि ते स्वतंत्र भारतातही चालत आले. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. त्यांत बाहेरून आलेले असतीलच; पण नावातील एका अक्षराचा फरक, पुरात वाहून गेलेला दाखला, माहेरचे नाव सिद्ध न करता आलेली विवाहिता, अशाही कहाण्या त्यांत होत्या. ज्या देशात शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख आयुष्यभर चालते, तेथे कागदाला माणसापेक्षा मोठे करण्यापूर्वी फार विचार झाला पाहिजे. शिक्षक आणि कारकून यांना हे सांगावे लागू नये. ते कागद त्यांच्याच हातून तयार होतात, आणि त्यांत चुका कशा होतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मग उपाय काय? सीमा मोकळ्या सोडणे हा उपाय नव्हे, आणि तशी मागणी कोणी जबाबदार माणूस करीतही नाही. मात्र निर्बंधांच्या कायद्याला तीन किमान कसोट्या लावता येतात. ज्या नोंदी ठेवणे हे सरकारचे काम आहे, त्या नसल्याचा तोटा नागरिकाच्या माथी मारू नये. दीर्घकाळ उघडपणे राहिलेल्या माणसाच्या बाबतीत शाबितीचा भार सरकारवर असावा. घरमालक, डॉक्टर, शिक्षक यांच्याकडून पहाऱ्याचे काम करवून घेऊ नये. ते प्रशिक्षित आणि उत्तरदायी अधिकाऱ्यांनीच करावे. आणि कोणालाही घराबाहेर किंवा देशाबाहेर काढण्यापूर्वी, वकिलासह आणि देशातच राहून, स्वतंत्र न्यायाधीशापुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी त्याला मिळावी. या तिन्ही गोष्टींनी बेकायदा आलेल्याला आश्रय मिळत नाही. त्यांनी एवढेच साधते की, त्याला शोधण्याच्या नादात शेजारी निवांत बसलेला वृद्ध नागरिक पकडला जाऊ नये.

कायदा किती कडक आहे यावरून सरकारचा खंबीरपणा मोजण्याची सवय अलीकडे सर्वत्र वाढली आहे. ब्रिटनमध्ये १९६२ पासून प्रत्येक नवा कायदा हा शेवटचा म्हणून मांडला गेला, आणि प्रत्येकाने पुढच्याची गरज निर्माण केली. साठ वर्षांनंतरही तेथील निवडणुका याच प्रश्नावर लढवल्या जातात, यावरून या मार्गाने तो सुटत नाही एवढे तरी स्पष्ट व्हावे. कायद्याचा कडकपणा सिद्ध होतो तो दुबळ्याला किती छळले यावरून नव्हे. निरपराध माणूस त्याच्या कचाट्यात सापडला तर त्याची सुटका किती लवकर आणि किती सन्मानाने होते, यावरून तो पारखला पाहिजे.